टिकेल अशी गाडी

आईला आठवड्यातून तीनदा मुलुंडला डायलिसिसला न्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी बाबांनी गाडी घ्यायचं ठरवलं. कोणाला विचारलं नाही, कोणाशी बोलले नाहीत. पाटावर बसता बसता म्हणाले, "गाडी घेवाची. आनि घेवाची त टिकंल अशी घेवाची." आई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिने भाकरी उलटली, कडा दाबल्या आणि त्यांच्या ताटात टाकली. तोवर आमच्या घरात चाकाचं वाहन म्हणून बाबांची सायकल तेवढी होती. बाबांना गाडी चालवताही येत नव्हती. निम्मं आयुष्य खाडीत होडी वल्हवण्यात आणि उरलेलं भाताच्या शेतात गेलेला तो माणूस. पण बोलले ते अशा आवाजात, की त्यावर कुणी काही विचारावं असं वाटलं नाही.

आज हे लिहिताना मला आधी एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर आताच्या मुलांना खरं वाटायचं नाही. हल्ली भिवंडीत डायलिसिसची सेंटरं आहेत. माझ्या घरापासून चालत जाता येईल असं एक आहे. सकाळी बायका रिक्षाने येतात, चार तास झोपतात आणि दुपारी घरी जाऊन वरणाला फोडणी देतात. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा शेलारहून निघायचं, नदीनाका ओलांडून भिवंडी गावातून अंजूरफाट्याला यायचं, मग काल्हेर, कशेळीचा पूल, बाळकुम आणि ठाणं पार करून मुलुंड. अंतर विचाराल तर फार नाही. पण त्या रस्त्याला अंतर लागूच नाही. त्याला फक्त गर्दी लागू आहे, तेव्हाही आणि आताही.

आमचं घर शेलारला, नदीच्या अंगाला. रस्त्यालगतची भातशेती गोडाऊनवाल्यांनी घेतली, त्या पैशात बाबांनी जुन्या घराच्या पुढ्यात नवं सिमेंटचं घर बांधलं होतं. खाली गुळगुळीत लाद्या, खिडक्यांना काळ्या काचा. आई त्या लाद्यांवर एकदा सपशेल पडली, तेव्हापासून तिने नव्या घरात फक्त झोपायचं ठेवलं. स्वयंपाक मागच्या जुन्या पडवीतच, चुलीवर. घरात गॅस होता, पण तांदळाची भाकरी गॅसवर फुगत नाही असं तिचं म्हणणं. पडवीच्या पलीकडे शेजाऱ्यांचा कापडाच्या लूमचा, यंत्रमागांचा कारखाना, त्याची खटखट दिवसरात्र चालू. आम्हाला ती ऐकू यायची नाही. लाईट गेली आणि लूम थांबले की मात्र आम्ही सगळे एकदम मान वर करायचो, जणू कोणी हाक मारली.

आईचं दुखणं कळलं ते तिच्या जोडव्यांमुळे. पाय सुजत होते, पण भातलावणी करून वाढलेल्या बाईचे पाय सुजायचेच, असं सगळे म्हणाले. मग जोडवी बोटात रुतली. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला. शेवटी बाजारातल्या सोनाराकडे नेऊन ती कापावी लागली. सोनार म्हणाला, "ताई, ही सूज बरी नाय. डॉक्टरला दाखवा." तिथून सुरू झालं ते रक्त तपासणं, लघवी तपासणं, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणं आणि शेवटी मुलुंडचे ते डॉक्टर. दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. बाबांनी विचारलं, किती दिवस करावं लागेल हे? डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. ते म्हणाले, आता हे कायमचंच, पण नीट केलं, पथ्य पाळलं, डायलिसिसची एकही पाळी चुकवली नाही, तर माणसं वर्षानुवर्षं काढतात. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. डॉक्टर बरंच काही बोलले, हृदयावर ताण आहे, रक्त कमी आहे, काहीही होऊ शकतं. बाबांनी त्यातला एकच शब्द उचलला. वर्षानुवर्षं.

घरातलं जेवण त्या दिवसापासून दोन ठिकाणी शिजायला लागलं. आईसाठी मीठ बंद. सुकट बंद, बोंबील बंद, वाकटी बंद. नारळ बंद, केळं बंद. बटाटा उकडून त्याचं पाणी फेकून मग करायचा. आणि पाणी मोजून, डाळ-चहा धरून. तिला पाण्यापेक्षा मिठाचा त्रास झाला. आम्हा आगऱ्यांच्या घरात दुपारच्या भाकरीबरोबर सुक्या मासळीचा वास नसला तर जेवण झालं असं वाटत नाही. आई आमच्यासाठी जवळा परतायची, चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण करायची, मीठ बरोबर आहे का हे मला चाखायला लावायची आणि स्वतः अळणी भात घेऊन पडवीच्या कडेला बसायची. बाबांनी एकदा सांगितलं, आपण पन अळनी खाऊ. ती म्हणाली, मग मी रांधू कोनासाठी?

गाडी शोधण्यात दीड-दोन महिने गेले. त्या काळात आईला भाड्याच्या गाडीने नेत होतो आणि गाडीवाला दर आठवड्याला काहीतरी सबब सांगून एखादी पाळी चुकवायचा. पाळी चुकली की तिला रात्री आडवं पडता यायचं नाही, छातीत पाणी भरायचं. बाबा तेव्हा अंजूरफाट्याच्या टेम्पोस्टँडवर जाऊन बसायला लागले. तिथल्या ड्रायव्हरांकडूनच गाडी शिकले, आणि शिकता शिकता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: कुठली गाडी जास्त चालते? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी म्हणे इंजिन बघा, कोणी म्हणे चेसिस, कोणी म्हणे गाडी कुठलीही घ्या, या रस्त्यावर सगळ्या सारख्याच मरतात. बाबा ऐकून घ्यायचे. घरी येऊन मला सांगायचे, कारण घरात माझं शिक्षण सगळ्यात जास्त, मी बारावीला होते. खरं तर त्या वर्षी मी कॉलेज सोडल्यातच जमा होतं. आईबरोबर कोणीतरी लागायचं आणि घरात मी एकटीच मूल.

रविवारी आम्ही गाड्या बघायला जायचो, आईलाही घेऊन. ठाण्याला एका माणसाकडे पांढरी छोटी पेट्रोल गाडी होती, जेमतेम वापरलेली. मागची सीट बुटकी आणि मऊ. आईने स्वतः दार उघडलं, आधी बसली आणि मग पाय आत घेतले, कोणाचा हात न धरता. डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. मालक म्हणाला, मावशींना गाडी आवडली. बाबांनी दाराचा पत्रा बोटाने वाजवला, खाली वाकून बघितलं, चाकावर पाय ठेवून दाबून बघितलं. मग विचारलं, डिझेल न्हाय? मालक नाही म्हणाला. "ह्यो पत्रा हाय का पापड?" बाबा मला म्हणाले आणि रस्त्याला लागले. आई आणखी थोडा वेळ बसून राहिली. मग उतरली.

माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. ते भिवंडी गावात राहायचे, सुताची दलाली करायचे, चार माणसांत उठबस असलेले. आईवर त्यांची माया होती. लग्न होऊन ती आली तेव्हा नाना शाळेत जात होते, आणि त्यांचं शेंबडं नाक तिनेच पुसलेलं. एका संध्याकाळी ते मुद्दाम आले. त्यांच्या ओळखीत एक जुनी गाडी होती, मुंबईच्या टॅक्सीसारखी, बसायला आरामशीर. बाबांनी विचारलं, किती वर्षं चालेल? नाना म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी आरामात. बाबा म्हणाले, मग नको. नानांनी समजावलं, की वेळ घालवण्यात अर्थ नाही, वहिनीची पाळी चुकते आहे, आज आहे ती गाडी घ्यावी. बाबा आपलं एकच धरून बसले. शेवटी नाना खाली बघत, अगदी हळू म्हणाले, "दादा, आपल्याला त्याहून जास्त कशाला लागंल?"

पडवीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. बाबा नानांकडे बघत होते आणि नाना लादीकडे. मला वाटलं आता बाबा हात उगारतील. मग पडवीत पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला, पहिल्यासारखाच, ना जोरात ना हळू. बाबा म्हणाले, "पंधरा वर्सं चालनारी घेईन मी. तू जेवून जा."

नाना जेवून गेले. आईने त्यांना भाकरी वाढली, वर आणखी अर्धी आग्रहाने घातली. त्या घरात तिच्या मरणाविषयी कोणी बोललं ते तेवढंच, आणि तेही गाडीविषयी बोलता बोलता. आता माझं वय आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा पुष्कळ जास्त आहे. मला वाटतं, नाना चुकीचं बोलले नव्हते आणि बाबांनाही ते कळत होतं. पण कळणं वेगळं आणि तसं वागणं वेगळं. दोन वर्षांची गाडी घेणं म्हणजे आपल्या हाताने तारीख लिहून देणं, असं बाबांना वाटलं असणार. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

गाडी आली ती डिझेल जीप. लांबट, चौकोनी, वर पत्र्याचं पक्कं छप्पर, रंग मातकट. पूर्वी ती कुठल्या तरी धरणाच्या कामावर होती. टेम्पोस्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि माना डोलावल्या. आईने तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ बाबांनी फोडला. डाव्या हाताची शीर डायलिसिससाठी जोडलेली, त्यामुळे तो हात ती छातीशी धरून असायची, तान्हं मूल धरावं तसा. नारळाचं पाणी मडगार्डवरून ओघळलं. तिचं त्या पाण्याकडे लक्ष होतं.

चढणं हीच पहिली पंचाईत. जीप उंच. बाबांनी वेल्डरकडून खाली लोखंडी पायरी लावून घेतली, तरी मी खालून आणि बाबा वरून धरायचो तेव्हा ती आत जायची. आणि धक्के. गाडी भक्कम म्हणजे ताठ, इतकी ताठ की रस्त्यावरचा प्रत्येक खडा वर सीटवर कळायचा. काल्हेरच्या पट्ट्यात तेव्हा गोडाऊनं नुकती उभी राहत होती, कंटेनर आणि ट्रक यांनी रस्ता चाळणीसारखा करून टाकला होता. जाताना आई उशी पाठीशी घेऊन बसायची. येताना डायलिसिसनंतर तिच्या अंगात जीव नसायचा, रक्तदाब उतरलेला, पोटऱ्यांत गोळे आलेले. तेव्हा मी तिला मिठी मारून बसायची, म्हणजे धक्का आधी मला लागेल. बाबा पुढे खूश असायचे. इंजिनचा आवाज ऐका, म्हणायचे. कसा एकसारखा हाय बघा.

हमीदाखाला, म्हणजे हमीदामावशी, आम्हाला मुलुंडच्या सेंटरवर भेटली. भिवंडीची, जुन्या कोकणी मुसलमान घरातली. घराच्या खालीच मुलाचे लूम होते. नवरा वारलेला, मुलगा शिफ्ट सोडून येऊ शकत नसे, म्हणून ती एकटी रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत यायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आईच्या शेजारच्या पलंगावर तिची पाळी असायची. पहिल्या आठवड्यातच आई बाबांना म्हणाली, गाडीत जागा हाय ना, त्या बाईला सोडत जाऊ. त्यानंतर खालाच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही थांबायचो आणि ती हिरवी पिशवी घेऊन उभी असायची. ती बाबांना भाऊ म्हणायची. आईला नावाने हाक मारायची, सुलोचना. आईला नावाने हाक मारणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. गावात ती कुणाची वहिनी, कुणाची काकू, नाहीतर माझी आई.

त्या दोघी मागे बसून मासळीविषयी बोलायच्या. जे दोघींनाही बंद होतं त्याविषयी. खाला खाडीतल्या निवट्यांचं कालवण कसं करते, आई चिंबोऱ्यांत चिंच घालते का कोकम, मीठ कधी टाकायचं, आधी की नंतर. जाताना हे चालायचं. येताना दोघी गप्प. मी घरून थर्मासमध्ये बर्फाचे खडे नेत असे. पाण्याऐवजी एक खडा तोंडात ठेवला की तहान थोडी भागते, असं नर्सने सांगितलं होतं. ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी दोघींना एकेक खडा द्यायची. त्या तो पुष्कळ वेळ गालात धरायच्या आणि बाहेर कंटेनरकडे बघत बसायच्या.

गाडी वर्षभर एकदाही बंद पडली नाही. पावसात नाही, थंडीत नाही. बाबा तिला रोज पुसायचे. ऑईल बदलण्याचे दिवस त्यांना तोंडपाठ असायचे. गावातले लोक म्हणायचे, माल चांगला घेतला. आई मात्र त्या वर्षात निम्मी झाली. गालाची हाडं वर आली, रंग गाडीच्या रंगासारखा मातकट झाला. एकदा येताना अंजूरफाट्याच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात इतकी आपटली, की ती मोठ्याने विव्हळली. दुखण्यात तिने कधी आवाज काढला नव्हता. बाबांनी गाडी बाजूला घेतली. मागे वळून बघितलं.

"फार लागतो का धक्का?" त्यांनी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा.

"हाडं वाजतात," आई म्हणाली. "पैल्यापासून वाजतात."

"मंग बोलली का न्हाय?"

आईने छातीशी धरलेला हात सावरला. "तुमी यवढी बघून घेतली," ती म्हणाली.

बाबा पुढे वळले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मागचे ट्रक हॉर्न मारायला लागले तरी गाडी काढली नाही. हमीदाखाला म्हणाली, चला भाऊ, तिला झोपायचं आहे. मग निघाले, आणि घरापर्यंत सायकलच्या वेगाने आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन गॅरेजला गेले. मिस्त्री उत्तरेकडचा, हिंदीच बोलायचा. बाबांनी सांगितलं, मागचा भाग मऊ कर. मिस्त्रीने खाली जाऊन बघितलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की चाकावर पोलादी पाट्यांची जी थप्पी आहे तिच्यातले काही पाटे काढले तर गाडी हलेल, धक्का कमी लागेल. पण तसं करू नका म्हणाला. या गाडीची सगळी ताकद त्यातच आहे. वजन पडलं की मागून बसेल, एक्सलला मार लागेल, अशी गाडी मग खिळखिळी होते.

"ज्यादा नहीं चलेगी, काका," तो म्हणाला. "इतनी अच्छी गाडी है. क्यों खराब करते हो?"

बाबा गॅरेजच्या दारात उभे होते. समोरून सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो जात होते. ते त्यांच्याकडे बघत राहिले. मी त्यांचा चेहरा बघितला नाही, मला बघवला नाही. फक्त त्यांचा आवाज ऐकला.

"निकालो," ते म्हणाले. "जितनी चलेगी, चलेगी."

दिवसभर आम्ही तिथे बसलो. जुन्या सीटही उसवून आत नवा फोम भरून घेतला. पुढच्या पाळीला आई गाडीत बसली, गाडी नदीनाक्यावरच्या खड्ड्यांतून गेली, आणि आईने माझ्याकडे बघितलं. खड्ड्यात गाडी होडीसारखी खालीवर झाली, आपटली नाही. तिने बाबांना विचारलं, काय केलं? बाबांनी सांगितलं, पाटे काढले. आई बैलगाडीच्या घरातली होती, चाकाचं तिला कळायचं. ती म्हणाली, मंग गाडी टिकनार न्हाय. तिने पुढे हात नेला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. माझ्यादेखत त्या दोघांनी एकमेकांना हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. कशेळीच्या पुलापर्यंत तो हात तिथेच होता. खाला खिडकीबाहेर बघत बसली.

त्यानंतरचे काही महिने बरे गेले. म्हणजे आई बरी झाली असं नाही. पण येताना ती माझ्या मांडीवर झोपायला लागली. घरी आल्यावर कधी कधी पडवीत बसून मला कालवण कसं करायचं ते सांगायची आणि मी करायची. बाबांनी गाडीविषयी बोलणं सोडून दिलं. ती किती वर्षं चालेल हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. नाना आले की दोघे भाऊ ओट्यावर बसायचे आणि गोडाऊनच्या भावाविषयी, गावच्या पुढाऱ्यांविषयी बोलायचे.

शेवट आला तो एका सोमवारी. शुक्रवारपासून भिवंडीत बंद होता, दगडफेक झाली म्हणून रस्ते अडवलेले, त्यामुळे तिची पाळी गेली. सोमवारी सकाळी रस्ता उघडला तेव्हा आई बसूनच होती, आडवी होऊ शकत नव्हती. श्वास घेताना गळ्याशी खड्डा पडत होता. तशीच तिला चढवली. खालाला घेतलं. तिचाही चेहरा सुजलेला. काल्हेरला आलो आणि समोर सगळं थांबलेलं. पुढे कंटेनर आडवा झाला आहे असं कोणी सांगितलं. मागेही लगेच ट्रक येऊन लागले. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. ऊन वर चढत होतं. जीपचं इंजिन चालूच होतं, एकसारखं.

बाबा उतरून पुढे धावले. मी काचेतून बघत होते. ते एकेका ट्रकवाल्याला हात जोडत होते. दोन-तीन ट्रकवाल्यांनी गाड्या इकडेतिकडे दाबून आम्हाला थोडी जागा केली, तेवढ्यात आम्ही एक गोडाऊन ओलांडलं आणि पुन्हा अडकलो. मोटरसायकलवरून नेऊ म्हणून एक पोरगा तयार झाला, पण आई सरळ बसूच शकत नव्हती. तिच्या ओठांचा रंग बदलला होता. ती पाणी मागायला लागली. आधी खुणेने, मग आवाजाने. पानी दे गो बाय. मी थर्मास उघडला, बर्फाचा खडा तिच्या ओठाला लावला. तिने तोंड फिरवलं. पुन्हा म्हणाली, पानी.

मी खालाकडे बघितलं. बर्फ वितळून थर्मासमध्ये पाणी झालं होतं, पुष्कळ होतं. वर्ष-दीड वर्ष ते पाणी आईपासून दूर ठेवणं हेच माझं काम होतं. खालाने एका हाताने आईचं डोकं धरलेलं, दुसऱ्या हातात तिचा पंजा.

"दे तिला," खाला म्हणाली. "पोटभर दे."

मी थर्मासचं झाकण भरलं आणि आईच्या तोंडाला लावलं. ती पाणी प्यायली. पुन्हा भरलं, पुन्हा प्यायली. हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं ते मी पुसलं नाही. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी समाधान म्हणेन, दुसरा शब्द मला इतक्या वर्षांत सापडलेला नाही. मग ती मागे टेकली. खाला हळू आवाजात तिच्या भाषेतली प्रार्थना पुटपुटत होती. थोड्या वेळाने ती थांबली आणि तिने आईचा हात माझ्या हातात दिला.

बाबा घामाने भिजून परत आले, म्हणाले, क्रेन आली, आता रस्ता सुटेल. मग त्यांनी आत बघितलं. रस्ता खरंच सुटला. ते गाडीत बसले आणि सेंटरपर्यंत गाडी नेली, अगदी हळू, प्रत्येक खड्डा टाळत. डॉक्टरांनी बघायचं ते बघितलं. हमीदाखाला म्हणत होती की मी सुलोचनाबरोबर घरी येणार, आज मला काही नको. बाबांनी ऐकलं नाही. तिच्या पलंगापर्यंत तिला स्वतः घेऊन गेले, नर्सला सांगितलं, या बाईची मागची पाळी पण गेली आहे, हिला आधी घ्या. मग आम्ही दोघं आईला घेऊन शेलारला आलो.

घर माणसांनी भरलं. नाना बाबांच्या शेजारून हलले नाहीत. त्यांच्या तोंडून एकदाच आलं, दादा, माझं चुकलं. बाबा म्हणाले, तुझं न्हाय चुकलं. बुधवारी सकाळी बायका पडवीत बसलेल्या, कोणीतरी शेजारून जेवण पाठवलेलं, चूल थंड. बाबा अंगणातून उठले, शर्ट घातला आणि चावी घेतली. नानांनी विचारलं, कुठे? सुतकात घराबाहेर पडायचं नाही, असं एका म्हाताऱ्या आत्याने बजावलं. बाबा म्हणाले, आज बुधवार हाय. कोणाला कळलं नाही. मला कळलं. मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागून गेले.

खालाच्या गल्लीच्या तोंडाशी कोणी उभं नव्हतं. बाबांनी गाडी लावली आणि घराशी गेले. लूम चालू होते. मुलगा बाहेर आला, बाबांना बघून त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, अम्मी जात नाही म्हणते, सोमवारपासून काही खाल्लेलं नाही, तुम्ही कशाला आलात चाचा, तुमच्या घरात एवढं झालेलं असताना. बाबा म्हणाले, तिला सांग मी बसलोय. आणि ते लूमच्या दारातल्या सुताच्या गठ्ठ्यावर बसले. लूमच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मुलगा वर गेला. पुष्कळ वेळ गेला. मग जिन्यावरून खाला आली, हातात हिरवी पिशवी. तिने बाबांकडे बघितलं आणि बाबा उठले.

मी तिला खालून धरलं, बाबांनी वरून हात दिला. ती आत जाऊन तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात बसली. मी तिच्या शेजारी बसले. अंजूरफाट्यावर ट्रकांची रांग लागलेली होती, बाबांनी गाडी तिच्यामागे लावली आणि आम्ही हळूहळू काल्हेरच्या दिशेने सरकायला लागलो. पहिल्या मोठ्या खड्ड्याआधी त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली.

"धक्का लागला त बोला," मागे न बघता ते म्हणाले. "गप बसू नका."

"बोलेन, भाऊ," खाला म्हणाली. "चला."